नाकेबंदीतला नाताळ



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'नाताळ' असे उत्तर दिले. ते क्षणभर गप्प राहिले. त्यांचेही खरेच होते. बाहेर उन्हाळा असा की दिवस मावळून दोन तास झाले तरी भिंतींना हात लावता येत नाही, आणि या गृहस्थाला डिसेंबरातला सण आठवतो! शिवाय माढ्याचे सण कोणते? माढेश्वरीचा उत्सव, पोळा, दसरा आणि आषाढी-कार्तिकीला पंढरीची वाट. नाताळ आपल्याकडे आहे तो सोलापूर-बार्शीच्या ख्रिस्ती वस्तीत, आणि बाकीच्यांना तो शाळेच्या सुटीपुरता ठाऊक.

तरी हा विषय मी मुद्दाम निवडला. गेल्या काही वर्षांत डिसेंबर आला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक लहानशी बातमी येई. बेथलेहेम गावी यंदा नाताळची रोषणाई नाही. २०२३ साली आली, २०२४ साली पुन्हा आली. ज्या गावात येशू ख्रिस्त जन्मला अशी सगळ्या जगाची श्रद्धा, त्याच गावात दिवा नाही! मी ती बातमी वाचली, हळहळलो आणि पान उलटले. आपण सगळे असेच करतो. लांबच्या गावाचे दुःख बातमीपुरते असते. ते नीट समजून घ्यायचे, तर आपल्या जवळचे, आपल्या भाषेतले असे एखादे गाव शोधावे लागते. म्हणून मी शोधू लागलो आणि माझे बोट थेट गोव्यावर जाऊन थांबले. १९५५ ते १९६१ या काळातल्या गोव्याच्या नाताळाविषयी मी आज बोलणार आहे. बेथलेहेमला आपण शेवटी जाऊ.

आधी त्या घरात जरा डोकावू. बार्देश म्हणा, सासष्टी म्हणा, तिथले साधे ख्रिस्ती घर. घर मुंडकाराचे, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत राहणाऱ्या कुळाचे. डिसेंबर लागला की भिंतींना चुना लागतो. पोरे गवत आणि माती जमवून गोठा करतात. त्यात मारिया, जुझे, गाय आणि गाढव यांच्या मूर्ती मांडायच्या आणि बाळाची जागा मोकळी ठेवायची. बाळ चोवीस तारखेच्या मध्यरात्री तिथे निजवायचे. दारावर कागदाचा तारा टांगतात. आपल्या आकाशकंदिलाचा तो सख्खा भाऊ. स्वयंपाकघरात तांदळाचे पीठ, गूळ आणि नारळाचा रस घोटून घोटून दोदोल होतो. ज्याला परवडते तो अंडी, साखर आणि मैद्याचा थरावर थर देऊन बेबिंका करतो. कुलकुले होतात. नेवऱ्या होतात, आणि नेवरी म्हणजे आपली करंजीच! या सगळ्या पदार्थांना मिळून 'कुस्वार' म्हणतात. कुस्वाराची ताटे शेजाऱ्यांकडे जातात आणि त्यांत हिंदू शेजारीही आले. चवथीला हिंदूंच्या घरून नेवऱ्या आलेल्या असतात, त्या नाताळात परत जातात. मध्यरात्रीच्या प्रार्थनेला 'कोंबड्याची मिसा' असे मोठे गोड नाव आहे. ती आटोपून माणसे थंडीत घरी येतात आणि गोड खातात.

पण या घरात एक माणूस बहुधा नसे. तो घरचा कर्ता मुलगा किंवा नवरा. गोव्यात पोट भरत नसे, म्हणून तो मुंबईला गेलेला असे. कुणी आगबोटीवर तारवटी, कुणी हॉटेलात आचारी, कुणी बँडमध्ये वाजवणारा. मुंबईत त्यांचे 'कूड' होते. गावागावाचा वेगळा कूड, धोबीतलाव-माझगावच्या बाजूला. एका मोठ्या खोलीत भिंतीला लागून ट्रंका, मध्ये चटया, एका अंगाला गावच्या संताची वेदी, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना. भाडे नावापुरते. आपल्या सोलापूरच्या गिरणीत गेलेल्या माणसांना ही व्यवस्था काही नवी वाटायची नाही. या कुडातून दरमहा मनिऑर्डर जाई आणि नाताळात माणूस स्वतः जाई. बरोबर ट्रंकेतून कापड, साबण, पोरांना बूट. गोव्याच्या कितीतरी चुली त्या मनिऑर्डरीवर पेटत होत्या.

आता राजकारणाकडे वळू. १९४७ साली इंग्रज गेले. फ्रेंचांनी १९५४ मध्ये पुदुचेरीचा कारभार सोडला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार मात्र म्हणे, गोवा ही वसाहतच नव्हे, तो पोर्तुगालचाच तुकडा आहे. गोव्यात सभा नाही, वर्तमानपत्राला मोकळीक नाही, लग्नपत्रिका छापायची तरी सेन्सॉरची नजर. डॉ. राममनोहर लोहियांनी १८ जून १९४६ रोजी मडगावला सभा घेऊन ही कोंडी फोडली. पुढे १९५५ साली सत्याग्रहींच्या तुकड्या आपल्या महाराष्ट्रातून निघाल्या. नानासाहेब गोरे, सेनापती बापट, शिरुभाऊ लिमये, मधु लिमये यांनी मार खाल्ला. गोरे आणि लिमये यांना लांबलचक शिक्षा झाल्या. म्हापशाला ६ एप्रिल १९५५ रोजी सुधाताई जोशींनी अधिवेशनाचे अध्यक्षपद घेतले आणि त्या तुरुंगात गेल्या. त्या साली १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून अधिक माणसे मेली. सगळा देश संतापला. भारत सरकारने संबंध तोडले, १ सप्टेंबरपासून वकिलाती बंद झाल्या आणि गोव्याभोवतीची नाकेबंदी पक्की झाली.

ही नाकेबंदी आपली होती, हे आधी ध्यानात घ्या. ती घालणारे सरकार आपले आणि तिचे कारण न्याय्य. मी त्याविषयी शंका घेत नाही. पण आज साठ-सत्तर वर्षांनी एवढे तरी विचारावे की नाही, की ती लागली कुणाला?

आगगाडी बंद झाली. कॅसलरॉकहून कुळ्याकडे उतरणारी गाडी म्हणजे गोव्याचा देशाशी असलेला धागा, तो तुटला. माल जाईना, पैसा जाईना, आणि माणसाला जायचे तर परवाना हवा. नारळ, सुपारी, काजू आणि मीठ यांची गोव्याची जुनी गिऱ्हाइके घाटावरची. त्यांचा बाजार एकाएकी बसला. आणि सालाझार? त्याने जहाजे धाडली. हॉलंडचे बटाटे, ब्रह्मदेशचे तांदूळ, सिलोनचा चहा, जपानचे सिमेंट असा माल मार्मागोव्याच्या धक्क्यावर उतरू लागला. त्याच वर्षांत गोव्याचे लोखंडाचे खनिज जपानला जाऊ लागले आणि खाणवाल्यांचे दिवस पालटले. ज्याच्या हाती परदेशी मालाचे परवाने, त्याची पेढी फुगली. पणजीच्या दुकानात युरोपातली दारू आणि डबाबंद लोणी मिळे. राज्यपालाच्या वाड्यातल्या नाताळाला काहीएक कमी पडले नाही.

कमी पडले ते मुंडकाराच्या घरात. मुंबईची मनिऑर्डर थांबली. नवरा मुंबईत कमावतो आहे, त्याच्याकडे पैसे आहेत आणि बायकोकडे तांदूळ घ्यायला नाहीत. मध्ये फक्त एक रेघ. कुडात राहणाऱ्याने नाताळाला यायचे म्हटले, तर कचेरीत अर्ज, हेलपाटे, मग सीमेपर्यंत गाडी आणि पुढे सामान डोक्यावर घेऊन पायी. इकडच्या चौकीवर आपला शिपाई झडती घेणार, तिकडच्या चौकीवर पोर्तुगीजांचा. दोघांच्याही मनात संशय एकच, की हा तिकडचा हेर असेल. वास्तविक तो फक्त पोरांसाठी बूट घेऊन निघालेला असे.

यात हिंदूंची सुटका होती असे समजू नका. मंगेशी आणि शांतादुर्गा ही कुलदैवते ज्यांची, ते कारवारचे, सावंतवाडीचे, मुंबईचे भाविकही त्या रेघेच्या अलीकडे अडकले. माहेर बेळगावला आणि सासर फोंड्याला अशा लेकींनी काय करावे? राजकारणातली रेघ नकाशावर अगदी बारीक दिसते, पण ती माणसांच्या घरांतून जाते.

माढ्याच्या माणसाला हे सांगावे लागू नये. आपल्या उत्तरेला परांडा. १९४८ पर्यंत ते निजामाच्या राज्यात होते. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी 'करोडगिरी' हा शब्द होता. निजामाच्या जकातीच्या खात्याचे ते नाव. बार्शीच्या बाजाराला जायचे तरी वाटेत मोगलाईची गावे लागत आणि करोडगिरीच्या नाक्यावर गाठोडे सोडून दाखवावे लागे. मग रझाकारांचे दिवस आले. सरहद्दीवर मुक्तिसंग्रामाच्या छावण्या पडल्या, पलीकडची कुटुंबे जीव मुठीत धरून अलीकडे आली, आणि तेव्हाही आपल्या सरकारने हैदराबादची नाकेबंदी केली होती. पुढे १३ ते १७ सप्टेंबर १९४८ अशी पोलीस कारवाई झाली. भाद्रपद शुद्ध पक्ष होता, म्हणजे ऐन गणपतीचे दिवस! फौजा निघाल्या तेव्हा घरोघर गणपती बसलेले होते. ज्यांच्या घरी तेव्हाची आठवण सांगणारे कुणी असेल, त्यांनी जरूर विचारावे, की त्या वर्षी आरतीला किती जण होते, आणि मोदकाला गूळ कुठून आणला. इतिहासाच्या पुस्तकात हे सापडत नाही.

गोव्यातही नेमके असेच घडले. डिसेंबर १९६१. फौजा बेळगावकडे जमू लागल्या. गोव्यात घरांना चुना लागायचे दिवस, आणि त्याच दिवसांत पोर्तुगीज अधिकाऱ्यांची बायकामुले जहाजाने मायदेशी निघाली. सालाझारचा हुकूम होता की शरण जाणे नाही, शेवटच्या माणसापर्यंत लढायचे. १८ डिसेंबरला पहाटे भारतीय फौजा आत शिरल्या. दाभोळीच्या धावपट्टीवर आणि बांबोळीच्या नभोवाणी केंद्रावर बॉम्ब पडले. पोर्तुगीजांनी माघार घेताना बाणस्तारीचा पूल उडवून दिला. १९ तारखेला पणजी घेतली आणि त्याच रात्री राज्यपाल वासालु इ सिल्वा याने शरणागती लिहून दिली. या गृहस्थाने शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम पाळला नाही. त्याबद्दल त्याला मायदेशी मोठी अप्रतिष्ठा सोसावी लागली, पण गोव्याची गावे बेचिराख होण्यापासून वाचली. भारताचे २२ आणि पोर्तुगीजांचे ३० सैनिक कामी आल्याची नोंद आहे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे सह्याद्रीच्या जंगलातून सहा वर्षे गुप्त नभोवाणी चालवीत होते. एक हिंदू तरुण आणि एक ख्रिस्ती तरुणी. त्यांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर ओरडून सांगितले, गोवा मुक्त झाला!

हा दिवस होता मंगळवार. पुढच्या सोमवारी नाताळ.

मध्ये उरले सहा दिवस. मी त्या सहा दिवसांचा पुष्कळदा विचार करतो. पूल तुटलेले, रस्त्यावर फौजेच्या गाड्या. दारात उभे असलेले जवान कुणी शीख, कुणी राजपूत, कुणी मराठा पलटणीचे. त्यांची भाषा घरातल्या म्हातारीला कळत नाही. खिशात पोर्तुगीज एस्कुदो, आणि उद्या तो चालेल की नाही याची खात्री नाही. वर्षानुवर्षे तिला सांगितलेले, की हिंदुस्थानचे लोक आले म्हणजे तुमची देवळे आणि धर्म राहणार नाही. आणि दुसरीकडे तिचाच मुलगा मुंबईला. रेघ पुसली गेली, म्हणजे तो आता परवान्यावाचून येणार! तिने भ्यावे की आनंद मानावा? मला वाटते तिने दोन्ही केले असेल, आणि ते करता करता दोदोल घोटायला घेतला असेल. कारण फौज आली तरी पंचवीस तारीख पुढे ढकलता येत नाही.

त्या नाताळाला तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक गोव्यातच आपल्या कैदेत होते. त्यांतली बरीचशी विशीतली पोरे, पोर्तुगालच्या खेड्यांतून आणलेली. १९६२ च्या मे महिन्यात ती घरी गेली. आणि तिकडे पोर्तुगालच्या तुरुंगात आपला मोहन रानडे होता. सांगलीचा हा तरुण गोव्यात शिक्षक म्हणून गेला आणि १९५५ साली बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. गोवा सुटला तरी रानडे सुटले नाहीत. सुधीर फडक्यांनी आणि इतरांनी त्यांच्यासाठी खटपट केली, तेव्हा १९६९ च्या जानेवारीत ते बाहेर आले. म्हणजे गोवा मुक्त झाल्यावरही त्यांनी आठ नाताळ परक्या तुरुंगात मोजले. तेलो मास्कारेन्हास हा गोमंतकीय ख्रिस्ती लेखकही तसाच तिकडे अडकला होता. तो १९७० साली सुटला. सण आला म्हणजे घरात एक पान रिकामे राहते. ते पान आपल्या बाजूचे असो की शत्रूच्या, आईला ते सारखेच दिसते.

आता बेथलेहेमला जाऊ या. जेरुसलेमच्या दक्षिणेला नऊ-दहा किलोमीटरवर डोंगरमाथ्यावर वसलेले गाव. हिब्रू भाषेत या नावाचा अर्थ 'भाकरीचे घर'. शाळूच्या मुलखातल्या माणसाला हे नाव आवडावे. जन्मस्थानाच्या चर्चचे दार इतके ठेंगणे की राजालाही वाकून आत जावे लागते. समोरच्या चौकापलीकडे मशीद आहे, आणि गावात आता मुसलमानांची संख्या जास्त आहे. नाताळ तिथे तीनदा होतो. कॅथलिकांचा २५ डिसेंबरला, ग्रीक ऑर्थोडॉक्सांचा ७ जानेवारीला आणि आर्मेनियनांचा त्यानंतर जानेवारीतच. म्हणजे जवळजवळ महिनाभर गावात यात्रा.

हे गाव १९४८ पर्यंत इंग्रजांच्या ताब्यात, मग जॉर्डनकडे, आणि १९६७ पासून इस्रायलच्या लष्करी अमलाखाली. १९८७ च्या डिसेंबरात पॅलेस्टिनी जनतेचा उठाव सुरू झाला, तेव्हा चौकातले सोहळे बंद झाले आणि दुकाने दिवसातून काही तासच उघडू लागली. शेजारच्या बैत साहूर गावाने १९८९ साली कर द्यायचे नाकारले. बार्डोलीची आठवण व्हावी असे ते आंदोलन. लष्कराने गावाला आठवडेच्या आठवडे वेढा घातला आणि करापोटी घरांतले सामान उचलून नेले. १९९५ च्या नाताळाआधी बेथलेहेमचा कारभार पॅलेस्टिनींच्या हाती आला, आणि त्या वर्षी चौक दिव्यांनी भरला. पुढे २००२ साली सशस्त्र पॅलेस्टिनी आणि नागरिक चर्चमध्ये शिरले, बाहेर इस्रायली रणगाडे, असा ३९ दिवसांचा वेढा पडला. मग भिंत आली, चौक्या आल्या, परवाने आले. नाताळाला बेथलेहेमला यायचे तर गाझातल्या ख्रिस्ती माणसाला परवाना लागे, आणि कधी घरातल्या एकाला मिळे, दुसऱ्याला मिळत नसे. धोबीतलावच्या कुडातला माणूस आठवला की नाही?

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलमध्ये शिरून बाराशेच्या सुमारास माणसे मारली आणि कित्येकांना ओलीस नेले. त्यानंतर गाझावर जे युद्ध झाले त्यात हजारो बायकामुले मेली. त्या डिसेंबरात बेथलेहेमच्या चर्चप्रमुखांनी ठरवले की प्रार्थना होतील, रोषणाई नाही. एका चर्चमध्ये गोठ्याऐवजी विटा-दगडांचा ढिगारा रचला आणि बाळाला त्यात निजवले.

याचा रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो, हे पंढरपूरच्या शेजाऱ्याने समजून घ्यावे. बेथलेहेमची चूल यात्रेकरूंवर चालते. धर्मशाळावाले, खाणावळवाले, ऑलिव्हच्या लाकडात मूर्ती कोरणारे, शिंपल्याचे नक्षीकाम करणारे. १ जुलै २०२० च्या आषाढीला महामारीपायी पंढरपुरात संचारबंदी होती आणि संतांच्या पादुका एस.टी.तून आल्या, हे आपण पाहिले आहे. विठ्ठलाची पूजा झाली. पण चुरमुरे, बुक्का, कुंकू आणि तुळशीमाळा विकणाऱ्यांची वर्षाची कमाई बुडाली. पंढरपुरावर ते संकट दोन वर्षे होते. बेथलेहेमवर ते या ना त्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या आहे. तरुण मुले गाव सोडून परदेशी जातात, आणि म्हातारी माणसे गोठा मांडतात.

२०२५ च्या डिसेंबरात चौकातले झाड पुन्हा उजळले. दोन वर्षांनी. संकट संपले म्हणून नव्हे. लोकांना पुन्हा दुकान उघडून बसायचे होते, म्हणून.

मग या सगळ्यातून घ्यायचे काय? मी काही तोडगा सांगायला आलेलो नाही. जे मोठमोठ्या मुत्सद्द्यांना सुटले नाही, ते माढ्याच्या मांडवात मी काय सोडवणार? पण एक गोष्ट मला पटली आहे. कोणत्याही बाजूची नाकेबंदी असो, न्यायाची असो वा अन्यायाची, ती वाड्यापर्यंत सहसा पोचत नाही. ती पहिल्यांदा पोचते शेवटच्या घरातल्या पिठाच्या डब्यापर्यंत. आपली बाजू न्यायाची असेल, तर हे ठाऊक असण्याची जबाबदारी आपल्यावर अधिकच आहे. गोव्याच्या बाबतीत आपण हुतात्म्यांची नावे लक्षात ठेवली, आणि ते योग्यच केले. त्यांच्या शेजारी त्या म्हातारीलाही थोडी जागा द्यावी, एवढेच माझे मागणे. मनिऑर्डर येईना तेव्हा तिने नेवऱ्या कमी केल्या असतील, पण शेजारच्या हिंदू घरी जायचे ताट बंद केले नसेल असे मला वाटते. कारण ती देवाणघेवाण आजही गोव्यात चालू आहे, आणि मधली वर्षे कुणीतरी ती सांभाळल्यावाचून चालू राहिली नसती.

यंदाच्या डिसेंबरात बेथलेहेमची बातमी पुन्हा येईल. ती कशी असेल हे मी सांगू शकत नाही. पान उलटण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि त्या 'भाकरीच्या घरा'त त्या दिवशी चूल पेटली असेल का, एवढे मनाशी विचारा. आणि सोलापूर-बार्शीत एखादे ओळखीचे ख्रिस्ती घर असेल, तर दिवाळीचे ताट तिकडे जाऊ द्या. नाताळात ते रिकामे परत यायचे नाही, याची खात्री मी देतो.